डेंड्राइटमधली कॅल्शियमची लाट: प्रकल्प नोंदी

६ जून

फोल्डर केला, नाव दिलं 'लाट'. विषय असा: मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातल्या पिरॅमिडल न्यूरॉनचा वरचा जाड डेंड्राइट (न्यूरॉनची फांदी) घ्यायचा, त्यात एका ठिकाणी कॅल्शियम वाढवायचं, आणि ती वाढ सोमापर्यंत (पेशीच्या मुख्य गोळ्यापर्यंत) पोचते का, किती वेळात पोचते, कुठे अडते ते बघायचं. पायथनमधे, एकाच मितीत, म्हणजे डेंड्राइट म्हणजे एक सरळ नळी. मॅडम म्हणाल्या सिम्युलेटर नंतर वापर, आधी समीकरणं स्वतः टाइप कर, नाहीतर आत काय चाललंय ते कळत नाही नि नुसते ग्राफ जमत राहतात. सिम्युलेटर आहेत चांगले, येलचा न्यूरॉन आहे, बंगळुरूच्या एनसीबीएसमधे उपिंदर भल्लांच्या ग्रुपचा मूस आहे, आणि मूस तर केमिस्ट्री आणि इलेक्ट्रिकल भाग दोन्ही एकत्र चालवतो, पण ठीके, आधी हाताने.

आज फक्त आकडे जमवले. पेशीच्या बाहेर कॅल्शियम १ ते २ मिलिमोलर, आत शांत असताना ५० ते १०० नॅनोमोलर. म्हणजे साधारण दहा-वीस हजार पटीचा फरक. सोडियमचा हाच फरक दहाएक पट असतो. आत इतकं कमी ठेवायला पेशी सतत एटीपी (तिचं इंधन) जाळत बसते, आणि त्यामुळेच थोडंसं आत आलं तरी लगेच जाणवतं.

मग सहज एक हिशोब केला. डेंड्राइटवरच्या एका छोट्या स्पाइनचं (बारीक फुगवट्याचं) आकारमान ०.१ फेम्टोलिटर धरलं आणि कॅल्शियम १०० नॅनोमोलर, तर आत मोकळे आयन किती? सहा! मी अ‍ॅव्होगाड्रोचा घात चुकीचा टाकला असेल म्हणून परत केलं, सहाच. अख्ख्या स्पाइनमधे सहा आयन, आणि आपण त्याला 'कॉन्सन्ट्रेशन' म्हणून दशांशात लिहितो. माझं मॉडेल सलग समीकरणांचं असणार आहे त्यामुळे स्पाइनला मी हात लावणार नाही, तिथे रॅन्डम पद्धतच हवी. जाड डेंड्राइटमधे आकारमान कितीतरी जास्त, तिथे चालून जातं.

९ जून

नुसतं डिफ्यूजन (आपोआप पसरणं) लिहिलं. एक्सप्लिसिट पद्धत, म्हणजे नळीचे छोटे खाने पाडले की टाइमस्टेप हा खान्याच्या लांबीच्या वर्गाला डी च्या (पसरण्याचा गुणांक, चौरस मायक्रोमीटर दर सेकंदाला) दुपटीने भागून येतो त्याच्या खाली ठेवायला लागतो. खाना १ मायक्रोमीटरचा आणि डी २२३ घेतला तर २.२ मिलिसेकंद, काही त्रास नाही. खाना ०.१ केला की एकदम २२ मायक्रोसेकंदावर येतं आणि लॅपटॉपचा पंखा सुरू होतो. सध्या १ वर ठेवतो.

मोकळं कॅल्शियम, काहीही अडथळा नाही असं धरलं तरी १०० मायक्रोमीटर जायला वीस-बावीस सेकंद. हे आदर्श परिस्थितीत! तेवढ्याच अंतराला डेंड्राइटमधून उलट जाणाऱ्या अ‍ॅक्शन पोटेन्शियलला (न्यूरॉनच्या विजेच्या स्पंदनाला) एक मिलिसेकंदही लागत नाही. म्हणजे डिफ्यूजनच्या भरवशावर लांबचा निरोप पाठवायचा तर पेशीने तो न पाठवलेलाच बरा.

आणि खरी परिस्थिती याहून वाईट आहे. हॉजकिन आणि कीन्स यांनी १९५७ मधे स्क्विडच्या जाड अ‍ॅक्सॉनमधे किरणोत्सारी कॅल्शियम टाकून बघितलं होतं. त्याआधी पोटॅशियमवर तसाच प्रयोग झालेला आणि पोटॅशियम आत जवळपास पाण्यात फिरतं तसंच फिरत होतं. कॅल्शियम मात्र टाकलं तिथेच जवळजवळ बसून राहिलं, विजेचं क्षेत्र लावलं तरी फारसं हललं नाही. म्हणजे आत काहीतरी त्याला धरून ठेवतंय हे तेव्हाच कळलं होतं, आणि मला ते आवडलं की कुठलाही रंग नाही, कॅमेरा नाही, फक्त किरणोत्सार मोजून एवढं काढलं.

१२ जून

धरून ठेवणारे म्हणजे बफर. कॅल्बिंडिन, पार्व्हाल्ब्युमिन, कॅल्मॉड्युलिन वगैरे प्रोटीन. सीए१ च्या डेंड्राइटमधे एक मोकळा आयन असेल तर शंभर-दोनशे बांधलेले असतात, आणि सेरिबेलमच्या पुर्किंजे पेशीत तर हजार-दोन हजार. हे गुणोत्तर कप्पा नावाने कोडमधे टाकलं. बफर जागचा हलत नाही असं धरलं आणि कप्पा १०० घेतला तर प्रभावी डी २२३ वरून २.२ वर येतो. रन केलं, ग्राफ बघितला, ढिगारा आहे तिथेच आहे, कडेने थोडासा ओघळतोय.

ऑलब्रिटन, मेयर आणि स्ट्रायर यांचं १९९२ चं काम इथे सगळ्यात उपयोगी पडतंय. बेडकाच्या, म्हणजे झेनोपसच्या, अंड्यांमधला सायटोसोल काढून त्यात त्यांनी मोजलं: कॅल्शियम कमी असताना डी १३, एक मायक्रोमोलरच्या आसपास ६५, आणि बफर सगळे भरून गेले की २२३. म्हणजे डी हा स्थिर आकडा नाहीच, जितकं जास्त कॅल्शियम तितकं ते मोकळं. आणि त्याच प्रयोगात आयपी३ चा (पेशीतला एक छोटा निरोप्या रेणू) डी २८३, कारण त्याला वाटेत कोणी पकडत नाही. त्यांचा अंदाज असा की एखादा मोकळा कॅल्शियम आयन बांधला जाण्याआधी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर जातो, बांधत-सुटत ५ मायक्रोमीटर, आणि आयपी३ मात्र २४ मायक्रोमीटर.

या तीन आकड्यांवर मी बराच वेळ बसलो होतो. आपण बोलताना सरसकट 'कॅल्शियम सिग्नल प्रवास करतो' म्हणतो, पण प्रवास करायला या सगळ्यात सगळ्यात नालायक गडी तोच आहे. माझ्या प्रोजेक्टचा खरा प्रश्न आता मला असा दिसतोय: जो हलत नाही त्याची लाट कशी काय हलते.

१६ जून

ईआर आणला मॉडेलमधे. एंडोप्लाज्मिक रेटिक्युलम हा न्यूरॉनमधे एकच सलग जाळं असतो, सोमापासून डेंड्राइटपर्यंत, पुर्किंजे पेशीत तर काही स्पाइनच्या आतपर्यंत. मायकेल बेरिजनी याला न्यूरॉनच्या आतला न्यूरॉन म्हटलं होतं. आयपी३ मुळे ईआरसारख्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं हे १९८३ मधे दाखवणाऱ्यांत तेच होते, आणि तो प्रयोग मेंदूवर नव्हे, स्वादुपिंडाच्या पेशींवर होता.

मॉडेल घेतलं ली-रिंझेल, १९९४ चं. ते डी यंग-कायझर मॉडेलची (१९९२) छोटी आवृत्ती, आठ-नऊ समीकरणांऐवजी दोन, एक कॅल्शियमचं आणि एक रिसेप्टर किती 'न थकलेला' आहे त्याचं. ईआरमधून तीन वाटा: आयपी३ रिसेप्टरमधून (आयपी३ लागलं की उघडणाऱ्या दारातून) बाहेर, गळती बाहेर, आणि सर्का पंप परत आत ओढणार. सर्का एका एटीपीमागे दोन आयन ओढतो.

आधी एकाच बिंदूवर चालवलं. आयपी३ शून्य ठेवलं तर कॅल्शियम ५६ नॅनोमोलरवर स्थिर होतं, मी कागदावर गळती बरोबर पंप असं मांडून काढलं तेव्हाही तेच आलं, छान. मग आयपी३ वाढवत गेलो. ०.३५ मायक्रोमोलरच्या जरा वर गेलं की आपोआप डोलायला लागतं, दहा-पंधरा सेकंदांची एक फेरी, आणि ०.६ च्या पुढे कुठेतरी डोलणं संपून ते वरच्या पातळीला चिकटून बसतं. मधल्या पट्ट्यातच मजा आहे.

एक गोष्ट खटकली. या मॉडेलच्या ईआरमधे कॅल्शियम दहा मायक्रोमोलरच्या आसपास येतं आणि खऱ्या ईआरमधे ते शेकडो मायक्रोमोलर असतं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, अरे बफर वेगळे लिहिलेच नाहीयेत ना त्यात, ते सगळे आकड्यांच्या पोटात गेलेत, त्यामुळे ईआरचा आकडा शब्दशः घेऊ नकोस, फरक कुठल्या दिशेला आहे तेवढं बघ. पटलं, पण रिपोर्टमधे हे स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर व्हायव्हाला पहिला प्रश्न हाच.

१८ जून

आज रन काही नाही, कागदावरच. या रिसेप्टरचा स्वभाव विचित्र आहे: थोडं कॅल्शियम मिळालं की उघडतो, जास्त मिळालं की बंद होतो. बेझप्रोझ्वान्नी, वॉट्रस आणि एर्लिक यांनी १९९१ मधे तो घंटेच्या आकाराचा वक्र मोजला, शिखर ०.२-०.३ मायक्रोमोलरपाशी. ली-रिंझेलच्या समीकरणातून तो शिखरबिंदू हाताने काढता येतो: उघडण्याचा स्थिरांक ०.०८२, बंद होण्याचा स्थिरांक आयपी३ वर अवलंबून, आणि शिखर म्हणजे दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. आयपी३ ०.३ असेल तर ०.१७ येतं, आयपी३ २ मायक्रोमोलर असेल (बेझप्रोझ्वान्नी वगैरेंनी प्रयोगात तेवढंच वापरलं होतं) तर ०.२५. म्हणजे प्रयोगाच्या आकड्यावर चपखल. अर्थात मॉडेलचे आकडे असल्याच प्रयोगांना जुळवून घेतलेले असतात, त्यामुळे फार हुरळून जायला नको, तरी कागदावर स्वतःच्या हाताने आलं की बरं वाटतं.

उघडणं झटपट, बंद होणं सावकाश. हा वेळेतला फरक नसता तर लाट झालीच नसती, सगळं कुठेतरी मधे जाऊन थांबलं असतं.

२१ जून

पालखी पुण्यात, रस्ते बंद, कॉलेजला गेलोच नाही, घरी बसून एका बिंदूचं मॉडेल आणि डिफ्यूजन जोडलं. १५० मायक्रोमीटरची नळी, डी २०, आयपी३ सगळीकडे ०.३ म्हणजे आपोआप डोलणार नाही पण काठावर आहे. डावीकडच्या टोकाला थोडं कॅल्शियम ओतलं. आणि गेली! स्वच्छ एक पट्टा डावीकडून उजवीकडे, उंची कमी न होता, मागे थकलेला भाग सोडत. वेग दहाएक मायक्रोमीटर दर सेकंदाला.

कोडमधे प्रत्येक खान्यातून किती कॅल्शियम शेजारी गेलं ते वेगळं साठवलं होतं, ते बघितलं तर कुठलाही आयन दोन-चार मायक्रोमीटरच्या पलीकडे जातच नाही. प्रत्येक ठिकाणचं कॅल्शियम तिथल्याच ईआरमधून येतं, सर्का ते तिथेच परत भरतो, शेजाऱ्याला मिळतो फक्त धक्का. खिडकीतून तेच ऐकू येत होतं खरं तर: 'पुंडलिक वरदे' चा गजर दिंडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला मिनिटात जातो, वारकरी तेवढ्यात चार पावलं चाललेला असतो.

आयपी३ ०.२ केलं तर तोच धक्का वीसेक मायक्रोमीटरवर विझला. ०.४ केलं तर धक्का न देताच कुठूनही सुरू व्हायला लागलं, ते नकोय.

२६ जून

वेग कशावर अवलंबून आहे ते तपासलं. असल्या लाटांचा वेग डी च्या वर्गमूळाच्या प्रमाणात जायला हवा, रॉबर्ट लूथरने १९०६ मधे रासायनिक लाटांसाठीच हे मांडलं होतं. डी २० चा ८० केला, वेग बरोबर दुप्पट. डी ५ केला, निम्मा. यात काही आश्चर्य नाही, समीकरणाचं मोजमाप बदललं की तसंच व्हायला पाहिजे, पण कोड शाबूत आहे एवढं कळलं.

पेशींमधे मोजलेल्या लाटा साधारण १० ते १०० मायक्रोमीटर दर सेकंदाला जातात, म्हणजे मी खालच्या टोकाला आहे. पहिली नीट दिसलेली लाट न्यूरॉनमधली नव्हे तर मेडाका माशाच्या अंड्यातली, लायोनेल जॅफी आणि सहकाऱ्यांनी १९७८ मधे छापलेली, एक्वोरिन वापरून. एक्वोरिन म्हणजे शिमोमुरांनी १९६२ मधे जेलीफिशमधून काढलेलं, कॅल्शियम लागलं की उजळणारं प्रोटीन. त्याच जेलीफिशमधून जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन निघालं आणि २००८ चं नोबेल मिळालं, ज्यात रॉजर त्सिएनही होते, ज्यांनी फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा रंग केला. कॅल्शियमचा सगळा इतिहास असा एकमेकांत गुंतलेला आहे, वाचायला बसलं की दुपार जाते.

२ जुलै

हा आठवडा सगळ्यात भारी गेला. आत्तापर्यंत रिसेप्टर सगळीकडे सारखे पसरलेत असं धरलं होतं, पण खरे आयपी३ रिसेप्टर झुबक्याझुबक्याने बसलेले असतात आणि दोन झुबक्यांत काही मायक्रोमीटरचं अंतर असतं. एखादाच झुबका उघडला तर जो छोटा भपका दिसतो त्याला पफ म्हणतात. म्हणून मी खाने ०.२५ मायक्रोमीटरचे केले आणि रिसेप्टर फक्त ठराविक अंतरावर ठेवले, एकूण संख्या तीच.

अंतर १ मायक्रोमीटर असताना काहीच फरक नाही. ३ ला लाट अडखळत उड्या मारत जायला लागली, ग्राफमधे पायऱ्या दिसतात. अजून वाढवत नेलं की एका ठिकाणी लाट थेट बंद, डी थोडा वाढवला की परत चालू. आणि वेग आता वर्गमूळाने बदलत नाहीये! डी दुप्पट केला तर वेग १.४ पटीच्या बराच वर. कायझर, स्मिथ, पॉन्स-डॉसन आणि पीअरसन यांनी १९९८ मधे हेच दाखवलंय, झुबके एकमेकांपासून लांब असले आणि कॅल्शियम सुटणं झटपट असलं की वेग सरळ डी च्या प्रमाणात जातो आणि अंतराने भागला जातो, कारण सगळा वेळ एका झुबक्याकडून दुसऱ्याकडे कॅल्शियम सरकण्यातच जातो. म्हणजे १२ जूनच्या त्या ५ मायक्रोमीटरच्या आकड्याला इथे अर्थ आला: झुबके त्या पल्ल्याच्या आत असले तर निरोप पुढे जातो, बाहेर गेले तर पफ तिथल्या तिथे राहतो. लाट आणि स्थानिक पफ या दोन वेगळ्या यंत्रणा नाहीतच, अंतर आणि बफर बदलला की एकीची दुसरी होते. मॅडमना हा ग्राफ आवडला, रिपोर्टची मुख्य आकृती हीच ठेव म्हणाल्या.

९ जुलै

आता धक्का कोण देतं हा भाग. टोकाला कॅल्शियम ओतणं ही माझी सोय झाली, खऱ्या पेशीत असं कोणी ओतत नाही. विल्यम रॉस यांच्या ग्रुपने (नाकामुरा वगैरे, १९९९) सीए१ मधे दाखवलं की सिनॅप्सवर (दोन न्यूरॉनच्या जोडावर) विजेचा मारा केला की ग्लुटामेट हा निरोप्या रेणू एमग्लूआर नावाच्या रिसेप्टरला लागतो, त्यातून आयपी३ बनतं, आणि त्याच सुमारास सोमाकडून उलट येणारं अ‍ॅक्शन पोटेन्शियल आलं, त्याने व्होल्टेज चॅनलमधून थोडं कॅल्शियम आत सोडलं, तर दोघं मिळून ईआरमधून मोठी लाट सुटते. रिसेप्टरला दोन्ही लागतात, आयपी३ पण आणि कॅल्शियम पण, म्हणून तो दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या का ते ओळखणारा पहारेकरी होतो.

मॉडेलमधे: सोमापासून ४० ते ९० मायक्रोमीटरच्या पट्ट्यात आयपी३ हळूहळू ०.३ पर्यंत चढवलं, बाकी नळीत कमी. मग अख्ख्या नळीत एकदम छोटीशी कॅल्शियमची उसळी दिली, अ‍ॅक्शन पोटेन्शियलला या वेळेच्या मापात तात्काळच धरायला हरकत नाही. उसळी आयपी३ चढायच्या आधी दिली तर काही नाही, चढलेलं असताना दिली तर पट्ट्यातून लाट. उसळी सगळीकडे सारखीच होती, लाट मात्र जिथे सिनॅप्स चालू होते तिथेच उठली. वीजवाला संदेश सगळ्यांना आणि केमिकल संदेश ठराविक पत्त्यावर, असं काहीतरी दिसतंय.

लाईट गेली म्हणून रात्रीचे रन राहिले.

१५ जुलै

मेंदूच्या स्लाइसवर काम करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, तुझी लाट माझ्या डायने (कॅल्शियम लागलं की उजळणाऱ्या रंगाने) दिसेल का. तिच्या पिपेटमधे ओरेगॉन ग्रीन बाप्टा-१, १०० मायक्रोमोलर. केडी (जितक्या कॅल्शियमला निम्मा डाय बांधला जातो तो आकडा) १७० नॅनोमोलर. डाय पण बफरच की! त्याचा कप्पा काढला तर शांत अवस्थेत (८० नॅनोमोलर धरून) २७२. पेशीचा स्वतःचा शंभर. म्हणजे बघायला घातलेला रंग पेशीच्या सगळ्या बफरपेक्षा जास्त कॅल्शियम पकडतो, एका अ‍ॅक्शन पोटेन्शियलची उसळी पावभर उरते आणि ओसरायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. वर डाय मोकळा फिरतो, त्यामुळे तो स्वतःच कॅल्शियम वाहून नेतो आणि पसरण्याचा आकडा वाढतो. उसळीची उंची कमी आणि पसरण्याचा वेग जास्त, दोन्ही बाजूंनी चित्र बदलतं.

मॉडेलमधे हलणारा बफर वेगळं समीकरण म्हणून घातला. एवढा डाय असताना ९ जुलैची लाट सुटतच नाही, उसळी उंबरठ्याच्या खाली राहते. फ्लुओ-५एफ सारखा कमी पकडणारा डाय (केडी २.३ मायक्रोमोलर) घातला तर कप्पा चाळीसच्या आसपास, लाट येते, जरा उशिरा. तिला तेच कळवलं. ती म्हणाली की कमी पकडणाऱ्या डायने शांत अवस्थेत काही दिसतच नाही, स्क्रीन काळी, पेशी शोधायची कशी. म्हणून लोक सोबत दुसरा, कॅल्शियमला न जुमानणारा लाल रंग घालतात. हे मला माहीतच नव्हतं, समीकरणात असल्या अडचणी दिसत नाहीत.

२४ जुलै

लाट कुठे थांबते: आयपी३ पट्ट्याच्या बाहेर हळूहळू कमी होत जाईल असं केलं (आयपी३ पण पसरतं आणि एन्झाइम त्याला मोडतात), तर लाट पट्ट्याच्या कडेपासून सोमाच्या दिशेने अजून काही मायक्रोमीटर जाते आणि विझते. मारा जास्त वेळ चालू ठेवला तर आयपी३ स्वतःच सोमापर्यंत सरकतं आणि मग लाट पण आत शिरते. म्हणजे लाटेने किती लांब जायचं ते आधी पसरलेलं आयपी३ ठरवतं. सोमात शिरली की केंद्रकापर्यंत जाऊ शकते आणि तिथे सीआरईबीसारखे (जीन चालू करणारे) घटक जागे होऊन जीनचं काम बदलतं, पण सोमा हा नळी नाही, मोठा गोळा आहे, तिथे एक मिती पुरणार नाही, तेवढंच कॅल्शियम कितीतरी मोठ्या आकारमानात विरतं.

रायनोडिन रिसेप्टर अजून घातलेला नाही. ते पण ईआरवर असतात, त्यांना आयपी३ लागत नाही, कॅल्शियमच पुरतं, आणि ते आले की झुबक्यांमधली मोकळी जागा भरून निघेल का हे बघायचंय, कारण २ जुलैला जिथे लाट तुटत होती तिथे कदाचित ती चालायला लागेल. त्यासाठी आता मूसवर जातोय, सोमासकट खरा आकार घेऊन. मॅडमना शुक्रवारपर्यंत झुबक्यांचा ग्राफ आणि डायचा तक्ता पाठवायचाय, तक्त्यात कप्प्याचं सूत्र पण लिहायचं, नुसते आकडे नकोत असं त्यांनी दोनदा बजावलंय.